डब्यातला भात दुपारी आंबतो, सुटतो, कडक होतो: बेंतोच्या प्रयोगांतून सापडलेली कारणं

सकाळी साडेसहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडायचा, आणि तीनपैकी एक काहीतरी झालेलं असायचं. भाताला आंबूस वास सुटलेला असायचा. नाहीतर वळलेले गोळे फुटून डबाभर शितं झालेली असायची. नाहीतर शितं अशी ताठ, की घास घोळवत बसावं लागे. हे रोज झालं असतं तर मी आठवड्याभरात नाद सोडला असता. पण तोच तांदूळ, तोच डबा, आणि सोमवारी भात छान, मंगळवारी वास, बुधवारी परत छान. यामागचं कारण शोधायला मला जवळपास सहा महिने लागले. ज्यांच्या डब्याचं असंच होतं त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज ब्रह्मपुरीला. सकाळी सातची एसटी पकडायची असते. घरी धानाची शेती, म्हणजे डब्यात भात आलाच. जपानी डब्याची ओढ लागली ती दिवाळीच्या सुट्टीत. चपटा डबा, त्यात निम्मा भात, बाकीच्या निम्म्यात चार-पाच पदार्थ थोडे थोडे, सगळं एकमेकांना लागून घट्ट बसवलेलं. याला बेंतो म्हणतात. तिकडे डबा भरायचं एक सोपं माप सांगतात: तीन भाग भात, एक भाग अंडं, मासा किंवा डाळीचं काही, आणि दोन भाग भाज्या. मी मात्र मापापासून सुरुवात केली नाही, रूपापासून केली. गाजराची फुलं कापली, भाताचे त्रिकोण वळले, आणि बाकी सगळं आपल्या सवयीनं केलं. गरम रांधलं, गरम भरलं, झाकण लावलं, निघाले.

बरेच डबे फेकल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आपला डबा म्हणजे गरम खायचं जेवण, जे वाटेत थंड होतं. बेंतो थंड खायचा म्हणूनच रांधतात. तांदूळ कोणता घ्यावा इथपासून झाकण कधी लावावं इथपर्यंत सगळा हिशेब मधल्या पाच-सहा तासांचा असतो. जपानात रेल्वे स्टेशनवर डबे विकायची जुनी पद्धत आहे, त्या डब्यांना एकिबेन म्हणतात. 1885 साली उत्सुनोमिया स्टेशनवर विकलेला डबा पहिला मानतात. त्यात होतं काय, तर भाताचे दोन गोळे, आत उमेबोशी म्हणजे खारवून वाळवलेलं आंबट फळ, सोबत मुळ्याचं लोणचं, आणि हे सगळं बांबूच्या कोवळ्या कोंबावरच्या सालपटात बांधलेलं. बर्फ नाही, फ्रिज नाही. मीठ, आंबट, कोरडं आणि वारा लागणारी बांधणी, एवढ्या चार गोष्टींवर तो डबा टिकत होता. माझ्या डब्यात यातली एकही धड नव्हती.

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन-तीन शब्द लिहायला लागले. भात कधीचा, डबा किती वाजता बंद केला, उघडल्यावर कसा होता. महिना संपल्यावर ते पान काढून समोर ठेवलं तेव्हा खराब दिवस कसे वेगळे होते ते दिसलं. ते आता एकेक सांगते.

आंबूस वास आणि चिकट तार

सगळ्यात जास्त वेळ यात गेला, आणि सगळ्यात जास्त धोकाही यातच आहे.

कॅलेंडरवर दोन खुणा ठळक होत्या. वास आलेल्या बहुतेक दिवशी मला उशीर झाला होता आणि डबा गरम असताना बंद केला होता. उरलेल्या दिवशी भात रात्रीचा होता.

पहिल्या कारणाची खात्री करायला एक सोपी तपासणी आहे. डबा उघडताना भाताकडे पाहू नका, आधी झाकण पालथं करून पाहा. एका मंगळवारी मी कॉलेजच्या पायरीवर बसून हे केलं. स्टीलच्या झाकणावर आतून दाट थेंब जमले होते, मोहरीएवढे, मधे मधे दोन थेंब मिळून मोठे झालेले. झाकण जरा तिरकं केलं तर एक थेंब ओघळून भातावर पडला. जिथे असे थेंब सकाळपासून पडत होते तिथे भातात लहान लहान खळगे झाले होते. त्या खळग्यांतली शितं बाकीच्यांसारखी पांढरी राहिली नव्हती, फुगून काचेसारखी झाली होती. एक शीत चिमटीत धरून उचललं तर मागे केसासारखी तार आली. चार बोटं बाजूचा भात अजून चांगला होता. भात सगळीकडून सारखा बिघडत नाही, पाणी पडतं तिथून सुरुवात होते.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "अवं पोरी, निघता भात झाकून काहून नेतेस? भात रडते ना मंग." तिला यात नवल वाटलं नाही. रोवण्याच्या म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत बांधीवर (धानाच्या शेतावर) शिदोरी नेताना त्या बाया भात आधी टोपल्यात पसरून ठेवायच्या आणि वरून फडकं बांधायच्या, झाकण नसायचंच. जपानात सुशीचा भात लाकडी पसरट भांड्यात काढून पंख्यानं वारा घालतात, तेही यासाठीच. ओदाते गावच्या सुगी नावाच्या झाडाच्या पातळ लाकडाच्या वाकवलेल्या डब्यांची तिथे ख्याती आहे, कारण लाकूड वाफेचं पाणी पिऊन घेतं. स्टीलचं झाकण पाणी पीत नाही, परत भातावर टाकतं.

उपाय असा. भात शिजला की गंजातून (पातेल्यातून) लगेच कोपरात म्हणजे पसरट परातीत काढायचा आणि बोटभर जाडीचा पसरायचा. गंजात ठेवून "होईल थंड" म्हणायचं नाही, खोल भांड्यात मधला भात तास-दीड तास कोमट राहतो आणि नेमकी तीच ऊब जंतूंना मानवते. पसरलेल्या भातावर सुपानं किंवा पुठ्ठ्यानं वारा घालायचा. मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हाताची मागची बाजू भातावर टेकवायची, ऊब लागली नाही की भरायचा. भाज्यांनाही हाच नियम. थंड भातावर गरम भाजी ठेवली तर केलेलं सगळं वाया जातं, हे मी दोनदा करून पाहिलं आहे. यासाठी मी अर्धा तास आधी उठते. दुसरी पळवाट मला सापडली नाही.

आता रात्रीचा भात. यावर मी जरा जोर देऊन लिहिते, कारण फेब्रुवारीत एकदा मी रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन नेला होता आणि तीनच्या प्रॅक्टिकलला मला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सकाळपासून काय खाल्लं?" आणि दुसरा, "भात कधी शिजवला होता?" त्या भाताला वास नव्हता. मी खाताना नीट पाहिलं होतं.

बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू मातीत असतो आणि तांदळासोबत घरात येतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजतो, बाकीचे जंतू मरतात, आणि भात कोमट झाला की हे बीजाणू जागे होऊन वाढू लागतात. साधारण 30 अंशांच्या आसपास त्यांची वाढ जोरात होते. त्यातले काही प्रकार जे विष सोडतात त्यानं अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या होतात. मुद्दा असा की हे विष उष्णतेनं मोडत नाही. सकाळी कितीही कडक फोडणी द्या, जंतू मरतील, विष तसंच राहील. त्यामुळे "परत गरम केलं ना, मग झालं" हे भाताच्या बाबतीत खरं नाही. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर झाकून ठेवलेला भात डब्यात न्यायचा नाही, एवढं मी आता पक्कं ठरवलं आहे. तो सकाळी गाईला जातो.

मधोमध लोणच्याची फोड ठेवून भात टिकत नाही

हा माझा मोठा गैरसमज होता, म्हणून वेगळा लिहिते. जपानात पांढऱ्या भाताच्या मधोमध एक लाल उमेबोशी ठेवतात. त्यांच्या झेंड्यासारखं दिसतं म्हणून त्या डब्याला हिनोमारू बेंतो म्हणतात. त्या फळातल्या मीठ-आंबटामुळे भात खराब होत नाही असं मी वाचलं. उमेबोशी आमच्याकडे कुठून मिळणार? मी आईच्या बरणीतली खारातली कैरी घेतली, एक फोड मधोमध दाबली आणि निश्चिंत झाले. फोडीच्या भोवतीचा भात छान राहिला. डब्याच्या कोपऱ्यातला आंबला.

मीठ आणि आंबट जिथे पोचतं तिथेच काम करतं. एक फोड सगळा डबा राखत नाही. सुशीच्या भातात म्हणूनच व्हिनेगर शितांशितांत कालवतात, 300 ग्रॅम तांदळाला साधारण 50 मिली. मी लिंबू वापरते. एक वाटी तांदळाचा भात पसरला की तो कोमट असताना दीड लिंबाचा रस, पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा साखर एकत्र विरघळवून वरून शिंपडते आणि सराट्यानं (उलथण्यानं) कापल्यासारखं हलक्या हातानं मिसळते. घोटायचं नाही, शितं मोडली की लगदा होतो. कैरीच्या दिवसांत खारातली कैरी अगदी बारीक चिरून सगळ्या भातात कालवते. अंबाडीच्या लाल बोंडांची चटणीही चालते, रंगही सुरेख येतो. चिंचेचा कोळ मला पटला नाही, तो ओला असतो आणि भात पुन्हा पाणावतो.

आंबटानं जंतूंची वाढ रोखायला मदत होते. गरम भरलेला किंवा रात्रीचा भात त्यानं सुधारत नाही. आंबट घातलं तरी डबा भरण्याआधी भात थंड करणं सोडू नका.

गोळे सुटतात

ओनिगिरी, म्हणजे हातानं दाबून वळलेला भाताचा गोळा. माझे गोळे घरून निघताना गोल आणि नागभीडचा फाटा येईपर्यंत चुरा.

मला वाटायचं की दाबणं कमी पडतंय. मी आणखी जोरानं दाबायची, तर बाहेरून दगड आणि आतून सुटा, असा प्रकार व्हायचा. खरं कारण तांदळात आणि शिजवण्यात होतं.

आमच्या तालुक्यात एचएमटीबद्दल अभिमान आहे. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखून वर्षानुवर्षं वाढवलं, आणि त्यातून हा वाण झाला. त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला नाव पडलं. दादाजी 2018 साली गेले. बारीक दाणा, शिजला की मोकळा, ताटात पाहूनच भूक लागते. पण मोकळा होणं हा जेवणातल्या भाताचा गुण आहे, गोळ्याच्या भाताला तो चालत नाही. तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च जितका जास्त तितका भात मोकळा, आणि थंड झाल्यावर तितका ताठ. जपानी तांदूळ आखूड आणि जाड असतो, त्यात अमायलोज साधारण 15 ते 20 टक्के, आपल्याकडच्या बारीक मोकळ्या तांदळात सहसा त्याहून जास्त.

यावर जपानी तांदूळ विकत आणणं हा मला उपाय वाटत नाही. घरात कोठीभर धान असताना दुकानातलं महाग पाकीट कशाला? आणि गरजही नाही. नवा तांदूळ घ्या. धान निघाल्यावर पहिले तीन-चार महिने तांदूळ शिजवला की आसट होतो, म्हणूनच आपल्या घरांत जुना तांदूळ जेवायला आणि नवा खिचडी-खिरीला ठेवतात. ज्या गुणासाठी नवा तांदूळ बाजूला ठेवला जातो, गोळ्यांना नेमका तोच गुण लागतो. डिसेंबर ते मार्चमधले माझे गोळे म्हणूनच चांगले जमले. जुना तांदूळच असेल तर घरी खायचा जाडा तांदूळ पाहा, तो बारकापेक्षा बरा बसतो.

दुसरं, पेज काढू नका. आमच्याकडे गंजात भरपूर पाणी घालून भात शिजवायचा आणि पेज ओतून घ्यायची ही रीत आहे, पेज आजीला लागते. पण शितांना शितं धरून ठेवणारा स्टार्च त्या पेजेतच निघून जातो. पेज काढलेल्या भाताचा गोळा करणं म्हणजे कोरड्या रेतीचा लाडू वळणं. मोजून पाणी घालायचं आणि सगळं भातात मुरवायचं. नव्या एचएमटीला मी एका वाटीला पावणेदोन वाट्या घालते, जुन्याला दोन वाट्यांच्या जरा वर. तांदूळ आधी अर्धा तास भिजवते. गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं तसंच राहू देते, म्हणजे वरच्या आणि खालच्या शितांत ओल सारखी होते. आजीच्या पेजेसाठी मूठभर तांदूळ वेगळा शिजतो.

तिसरं, वळायची वेळ. भात हाताला सोसवेल इतका गरम असतानाच वळायचा. पूर्ण थंड झाल्यावर शितं एकमेकांना धरत नाहीत. इथे मी बराच काळ गोंधळले होते, कारण वर थंड करा म्हटलं आणि इथे गरम वळा म्हणते. क्रम असा: गरम भात, लिंबू-मीठ, लगेच गोळे, आणि मग ते गोळे सुपात एकमेकांना न चिकटता मांडून वाऱ्यावर थंड. डब्यात जातात ते थंड झाल्यावरच. हात मिठाच्या पाण्यानं ओले करायचे, पण निथळत नाहीत असे. एका हाताचा खळगा, दुसऱ्याचं छप्पर, तीन-चार वेळा फिरवत दाबायचं. गोळाभाताचे बेसनाचे गोळे ज्यांच्या हातून नीट वळले जातात त्यांना हे शिकवावं लागत नाही. आईनं पहिल्याच प्रयत्नात माझ्यापेक्षा चांगला गोळा वळला, फक्त त्रिकोणाऐवजी गोल. गोलच टिकतो असं माझंही मत झालंय, एसटीत कोपरे आधी तुटतात.

गोळ्याभोवती तिकडे नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद गुंडाळतात. ती इथे मिळत नाही. मी पळसाचं पान वापरते. नवीन पानं पुरती फुटली की तळहाताएवढं पान धुऊन, पुसून, कोरडं करून घ्यायचं, आणि एकेक गोळा एकेका पानात. पान खायचं नाही, ते फक्त धरून ठेवतं आणि गोळ्यांना एकमेकांपासून वेगळं राखतं. नारा भागात सुशी जपानी तेंदूफळाच्या पानात बांधतात, त्यामुळे पानात बांधणं हा काही आपला जुगाड नाही, तिथलीही रीत आहे. रस्त्याकडेच्या झाडाची पानं मात्र घेऊ नका, धूळ कितीही धुतली तरी शिरांत राहते.

शितं कडक होतात

याचं उत्तर छोटं आहे: फ्रिज. सकाळची घाई नको म्हणून मी रात्रीच गोळे वळून फ्रिजमध्ये ठेवत होते. रात्रीचा भात ताबडतोब थंड करून फ्रिजमध्ये ठेवला तर तो ओट्यावरच्या भातापेक्षा सुरक्षित खरा, पण शिजताना फुललेला स्टार्च थंडीत परत आवळून घट्ट होतो, आणि 4-5 अंशांवर, म्हणजे फ्रिजच्या तापमानाला, हे सगळ्यात लवकर घडतं. तो भात परत वाफवला तर मऊ होतो, डब्यात थंड खाल्ला तर खडे. शिवाय आमच्याकडे वीज जाते, आणि फ्रिज रात्रीतून दोनदा बंद राहिला तर त्यातला भात सुरक्षितही राहत नाही. म्हणून भात सकाळीच. रात्री फक्त तांदूळ निवडून, भाज्या चिरून ठेवा.

फ्रिज न वापरताही जुन्या बारीक तांदळाचा भात दुपारपर्यंत थोडा ताठ होतोच. भात शिजताना एका वाटीला अर्धा चमचा तेल घातलं तर फरक पडतो. जवसाचं तेल घालून पाहिलं, वास फार पुढे येतो. फल्लीचं (शेंगदाण्याचं) बरं.

भाजीचं पाणी भातात उतरतं

इथे आपल्या डब्याची सवय सगळ्यात जास्त आडवी येते. आपल्याला भातासोबत ओलं लागतं, वरण लागतं. पण एका कप्प्यात भात आणि शेजारी रस्सा असेल तर एसटीच्या पहिल्या खड्ड्यातच दोन्ही एक होतात. वरण वेगळ्या छोट्या डबीत घ्या किंवा घरी खा.

कोरड्या वाटणाऱ्या भाज्याही पाणी सोडतात. काकडी आणि मुळा यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं आणि मुठीत धरून पिळायचं. भेदरं म्हणजे टोमॅटो चिरून घालूच नका, लहान अख्खं घाला, देठ काढून पुसून, कारण देठाच्या खाचेत पाणी राहतं. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून थंड पाण्यात काढायचा आणि पिळायचा. मी एक जुडी पिळली तेव्हा अर्धी वाटी हिरवं पाणी निघालं, आणि तेवढं पाणी मी आजवर भाताला पाजत होते.

पिळलेल्या पालकात जपानात तिळाचा कूट कालवतात. कूट चवही देतो आणि उरलेलं पाणीही पितो. आपल्याकडे यासाठी तिळापेक्षा सरस दोन गोष्टी आहेत, फल्लीदाण्यांचा कूट आणि जवसाची कोरडी चटणी. जवस पाणी लागलं की बुळबुळीत होऊन ओल धरून ठेवतं. आता मी भाजीच्या कप्प्यात आधी चमचाभर जवसाची चटणी पसरते आणि वर भाजी ठेवते. दुपारी ती चटणी भाजीच्या रसानं भिजून घट्ट झालेली असते आणि भाताशी खायला फार छान लागते. माझ्या सगळ्या प्रयोगांत मला सगळ्यात आवडलेला पदार्थ हाच.

वरून ताजा सांबार म्हणजे कोथिंबीर पेरायचा मोह होतो. पेरू नका, धुतलेल्या सांबाराची पानं दुपारपर्यंत काळी पडून भाजीला वास देतात. शिजवताना घाला.

अंडं, आणि डब्यातली रिकामी जागा

तामागोयाकी म्हणजे पातळ थरांची गुंडाळी केलेलं अंडं. चौकोनी तवा लागतो म्हणतात, डोशाच्या तव्यावर होतं. तिकडच्या चित्रांत ते मधून ओलसर दिसतं, ते ताटात वाढून लगेच खायचं असेल तर ठीक. डब्यासाठी मधपर्यंत घट्ट शिजलेलंच हवं, कापल्यावर ओल दिसली तर तुकडे परत तव्यावर टाका. कांदा घालू नका, पाणी सोडतो. होळीनंतर मी अंडं नेतच नाही, त्या जागी पातोडी नेते. बेसनाची घट्ट थापलेली वडी थंड खायलाच जास्त चांगली, कापलेली बाजू सुंदर दिसते आणि हलत नाही.

हलणं हा वेगळा त्रास आहे. डब्यात बोटभर जागा रिकामी राहिली तर तासाभराच्या प्रवासात सगळं एका कोपऱ्यात जमा होतं. आधी भात, मग मोठे पदार्थ, मग फटींत लहान: फल्लीदाणे, गाजराचा तुकडा, आवळ्याची फोड. माझा 600 मिलीचा डबा मला पुरतो. मोठा डबा घेऊन निम्मा भरण्यापेक्षा लहान डबा गच्च भरलेला बरा.

मार्चनंतर काय करायचं

वरचं सगळं पाळूनही मार्चच्या शेवटी वास परत आला. थंडीत काढलेली उत्तरं उन्हाळ्यात पुरली नाहीत. घरातच 36 अंश असतील तर पसरलेला भात त्याच्या खाली येणार कसा?

आमच्या हवेनं इथे मदत केली. चैत्र-वैशाखात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या ओल्या वाळ्यातून आलेला वारा खोली गार करतो. तेच तत्त्व डब्याला लावलं. क्लिपा असलेला, पाणी आत न जाणारा डबा घट्ट बंद करायचा, भोवती सुती फडकं माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून गुंडाळायचं, आणि पिशवी जाळीची घ्यायची, प्लास्टिकची नाही, वारा लागला पाहिजे. कॉलेजात पोचल्यावर एकदा आणि अकराच्या सुट्टीत एकदा फडकं परत ओलं करायचं आणि डबा खिडकीत सावलीला ठेवायचा. हाताला डबा गार लागतो. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी रात्री गोठवलेली लहान बाटली डब्यावर बांधावी, ती याहून भरवशाची.

पण याला हद्द आहे. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो. बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न तासाभराहून जास्त उघड्या उष्णतेत ठेवू नये असं सांगतात. 40 चढले की मी भात नेणं बंद करते, ओलं फडकं असो की लिंबू. तेव्हा डब्यात भाकर, कोरडं चून (झुणका), तिळाची चटणी, भाजलेले फल्लीदाणे आणि अख्खा कांदा, आणि मांडणी तीच, घट्ट, कप्प्याकप्प्यांत. बेंतोत भात असलाच पाहिजे असा काही कायदा नाही.

सध्या अडकलं आहे ते पावसाळ्यावर. जुलैत हवा दमट झाली की ओलं फडकं वाळत नाही, म्हणजे गारही करत नाही, नुसता कुबट वास येतो, जसा कूलर तेव्हा नुसता दमट वारा फेकतो तसा. गावातल्या बुरूड काकांकडून मी बांबूचा चपटा झाकणाचा डबा विणून घेतला होता, थेंब अजिबात जमत नाहीत, थंडीत फार सुंदर चालला. पावसात मात्र धुतल्यावर दोन दिवस वाळेना आणि तिसऱ्या दिवशी विणीत काळे ठिपके दिसले, बुरशीचे. काका म्हणाले, "चुलीच्या वर टांगून ठेव, धुरानं कीडही लागत नाही." गेल्या आठवड्यापासून तो चुलीवर टांगला आहे. ठिपके वाढलेले नाहीत, पण डब्याला धुराचा वास बसला आहे, आणि तो भाताला लागतो का हे रोवणा आटोपून कॉलेज नियमित सुरू झालं की पाहीन. तोवर स्टीलचाच डबा, झाकणाखाली जुन्या धोतराच्या कापडाची एक कोरडी घडी घालून. थेंब त्या घडीत जिरतात. घडी रोज उकळून वाळवावी लागते, म्हणून माझ्याकडे अशा सहा आहेत.